ऱ्हाइनमधल्या देवमाशासाठी ट्रॉम्बोन

१९६६च्या मे महिन्यात जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीत एक पांढरा देवमासा शिरला. समुद्र सोडून तो इतक्या आत कशाला आला, कुणालाच कळेना. त्याला पकडायला मोटारबोटी धावायच्या, आणि त्यांची घरघर ऐकली की तो बुडी मारून गायब व्हायचा.

मी तेव्हा नदीकाठच्या एका गावात राहून ध्वनिशास्त्रात पीएच.डी. करत होतो. माझे घरमालक निवृत्त पोस्टमन; गावच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे. पेपर वाचून ते हळहळले. "बिचाऱ्याचे कान किटले असतील. त्याला जरा बरं संगीत ऐकवायला हवं."

"हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरत नाही," मी ज्ञान पाजळलं.

"आल्झो, बरं तर," ते म्हणाले, "मग ट्रॉम्बोनच पाण्यात घालू."

रविवारी आम्ही वल्ह्यांची होडी काढली. मालकीणबाई कॉफीचा थर्मास घेऊन काठावर बसल्या. प्रवाहात होडी आवरताना माझे दंड भरून आले. मालकांनी ट्रॉम्बोनचं कर्ण्यासारखं तोंड पाण्यात बुडवलं, गाल फुगवले आणि फुंकर मारली. म्हशीला उचकी लागावी तसा आवाज आला. दुसऱ्या फुंकरीला पाणी उलट त्यांच्याच तोंडात!

हसता हसता माझ्या हातातलं वल्हं सुटणार, तेवढ्यात शेजारचं पाणी फुगलं. सोललेल्या बटाट्यासारखं पांढरं, गुळगुळीत डोकं वर आलं आणि आमच्याकडे बघत राहिलं.

"वाजवू?" मालक कुजबुजले.

"वाजवा!"

बुडबुड, बुडबुड. देवमाशाने फुस्सकन श्वास सोडून आम्हाला नखशिखान्त भिजवलं, पण जागचा हलला नाही.

मग वळणावरून पत्रकारांची मोटारबोट घरघरत आली. क्षणात डोकं दिसेनासं झालं.

"बघितलंत? त्याला मोटार आवडत नाही, मी आवडतो!" मालक ओरडले.

"मग घेऊन जा म्हणावं तुम्हाला!" काठावरून मालकीणबाई.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं माझ्या प्राध्यापकांना सांगितलं. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

"स्वर कुठला होता?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

"बुडबुड," मी म्हणालो.

"मग याला प्रयोग म्हणता येणार नाही."

जूनमध्ये देवमासा आपणहून समुद्रात परतला. रेडिओवर बातमी लागली तेव्हा आम्ही जेवत होतो. मालकांनी काटा खाली ठेवला. मालकीणबाईंनी न विचारता त्यांच्या ताटात आणखी एक सॉसेज वाढलं.