पात्रांवांची दोन मिनिटं

कायद्यावर इतकं जीव ओवाळून प्रेम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्या प्रेमाची कायद्याने इतकी कमी दखल घेतली असा माणूसही दुसरा पाहिला नाही. मालवण ते कुडाळ या रस्त्यावर पात्रांव सहा आसनी रिक्षा चालवायचे आणि मी त्याच रिक्षाने कुडाळच्या शाळेत शिकवायला जायचे. अशी बावीस वर्षं मी गेले. पात्रांव म्हणजे मालक, धनी. गोव्याकडून आलेला हा शब्द आमच्याकडे ख्रिस्ती वस्तीत कुणालाही मायेने लावतात, पण यांना तो असा चिकटला की बाप्तिस्म्याचं नाव फक्त चर्चच्या वहीत आणि त्यांच्या लायसनवर उरलं होतं. ते लायसन शर्टाच्या वरच्या खिशात, प्लास्टिकच्या पाकिटात, सायबिणीच्या, म्हणजे मारियामाउलीच्या, चित्राला पाठ लावून असायचं. अंघोळीला जाताना ते नेमकं काय करायचे हे मला माहीत नाही, पण ते पाकीट दृष्टीआड होऊ देत नसत, असं त्यांची बायको सांगायची. एवढं जपूनही दुःख हेच, की चाळीस वर्षांत ते लायसन कुणी मागितलं नव्हतं. गोव्यात मामेबहिणीकडे फेस्ताला, चर्चच्या सणाला, जाताना इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर पुढच्या-मागच्या गाड्या थांबवल्या जात आणि यांना मात्र लांबूनच हात होई, जावा म्हणून. एकदा ते मुद्दाम उतरले, पोलिसापाशी गेले आणि पाकीट पुढे केलं. पोलीस म्हणाला, "अहो काका, जावा ना, मागे लाइन लागली." पात्रांव म्हणाले, "जातंय, पण एकदा बघून तरी घेवा!" त्याने बघितलं नाही.

सहा आसनी म्हणजे सहाच माणसं, हा त्यांचा दुसरा धर्म. बाकीच्या रिक्षांत माणसं हापूसच्या पेटीतल्यासारखी रचलेली असत आणि आमच्या रिक्षात आम्ही सहा जण पाय पसरून, जरा शरमत, बसलेले असायचो. सातवा कुणीही असो. एकदा चौके गावच्या तिठ्यावर त्यांची स्वतःची बायको, हातात भरलेली पिशवी, भर उन्हात हात करून उभी होती. पात्रांवांनी गाडी थांबवली. मला वाटलं, आता तरी. तर मान बाहेर काढून म्हणतात, "भरली आसा गो. पाठसून दुसरी येता." आणि गेले. त्या माउलीने पुढचे दोन दिवस चूल पेटवली नाही. हे पात्रांवच आम्हाला सांगत होते, जणू काही शेजारच्या घरातली गोष्ट. धामापूरच्या तळ्यापाशी ते देवी भगवतीसाठी एकदा हलकेच हॉर्न वाजवायचे आणि लगेच दुसऱ्यांदा. दुसरा कुणासाठी, विचारलं तर म्हणाले, "आमच्या सायबिणीक. एकीक वाजवलो आणि दुसरेक नाय, तर ती काय म्हणात?"

त्यांची एकुलती मुलगी फिलोमिना, आमची फिलू, माझीच विद्यार्थिनी. नर्सिंग शिकून अमेरिकेत गेली. नवरा बोटीवर आचारी, वर्षातले आठ महिने पाण्यावर. पात्रांवांची बायको गेली आणि घरात एकटा माणूस रिक्षाशी बोलू लागला, तेव्हा तिने हट्टाने बापाला सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. जाण्याआधी त्यांनी लायसनचं नूतनीकरण करून घेतलं. चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला लागतो; यांनी डोळे एकाच दिवशी तीनदा तपासून घेतले, कारण डॉक्टर पहिल्यांदा "ठीक आहे" फार पटकन म्हणाले होते. मी म्हटलं, तिकडे कशाला लागणार आहे? तर म्हणाले, "बाईंनू, माणूस खंयही गेलो तरी डायवर तो डायवर."

आणि खरोखरच लागलं. झालं ते असं. फिलू ज्या राज्यात राहते तिथला नियम असा, की परदेशी माणसाचं लायसन त्याच्या व्हिसाच्या कागदाइतकंच जगतं. कागदाची तारीख संपली की लायसनही संपलं. फिलूने नव्या कागदासाठी अर्ज वेळेत केला होता, तो पोचल्याची पावती होती, त्या पावतीवर तिला कामावर जाण्याची मुभाही होती. फक्त गाडी चालवायची मुभा नव्हती. इस्पितळ घरापासून कुडाळ ते बांदा एवढं, तीस-पस्तीस किलोमीटर लांब, मध्ये बस नाही, बाहेर गुडघाभर बर्फ. खाडा झाला तर नोकरी जाणार, नोकरी गेली तर मुक्कामच संपणार. आणि याच घरात सहा महिन्यांचा पाहुणा म्हणून एक म्हातारा आलेला, ज्याला त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे आपल्या मालवणातल्या, रिक्षा नि मोटार दोन्हींच्या लायसनवर खुशाल गाडी चालवता येत होती! फिलूने हे तीनदा वाचून खात्री केली आणि मग बापाकडे बघून रडावं की हसावं तिला कळेना. पात्रांवांना कळलं. ते उठून माकडटोपी घालायला गेले.

पहिले दोन रविवार त्यांनी एका बंद दुकानाच्या मोकळ्या आवारात डावं-उजवं उलटं करून घेतलं. मग रोज पहाटे लेकीला इस्पितळात नेऊ लागले. महिन्याभरात त्यांच्या गाडीत आणखी तिघं आली: फिलिपिन्सच्या दोघी बहिणी आणि केनियाचा एक उंच नर्स. सगळ्यांचे कागद कुठल्यातरी टेबलावर अडकलेले. तो केनियाचा तर दीड तास बर्फातून चालत यायचा. पात्रांवांनी त्याला वाटेत पाहिला आणि पुढचं सांगायला नको. पाहुण्याने कमाई करायची नाही असा नियम, म्हणून ते कुणाकडून काही घेत नसत. चॉकलेटसुद्धा आधी फिलूला विचारून. ड्युटी सुटली की इस्पितळाच्या दारात काच खाली करून ओरडायचे, "चला चौके, धामापूर, कुडाऽऽळ!" आणि त्या परदेशी माणसांना तो आपलाच स्टॉप वाटायचा. पाचवा उतारू एकदा बसायला आला तेव्हा मात्र गाडी डायवर धरून पाचांची आहे हे त्यांनी बोटं मोजून दाखवलं.

एका सकाळी इकडे मी पहिला तास संपवून स्टाफरूममध्ये आले तर फोन. पात्रांवांचा आवाज चढलेला. मी घाबरले. "बाईंनू, बघल्यान!" कुणी काय बघितलं? "पोलिसान! माजा लायसन! दोनदा बघल्यान, उलटा करून पण बघल्यान!" झालं होतं असं की हमरस्त्यावर यांची गाडी इतकी सावकाश चालली होती की पोलिसाला संशय आला. मागून दिवे लावून त्याने थांबवलं. फिलू ओरडली, "पप्पा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव, खिशात घालू नको!" यांनी हात ठेवले, पण चेहरा असा उजळलेला की पोलिसाला आणखीच संशय. पाकीट फिलूने काढून दिलं. तो ते घेऊन आपल्या गाडीत दहा मिनिटं बसला, परत येऊन छान आहे म्हणाला आणि जरा वेगाने चालवायला सांगून गेला. पात्रांवांना हे शेवटचं पटलं नव्हतं. "पोलीस होवन जोरात चलय म्हणतत! कसलो देश ह्यो?" मी म्हटलं, पात्रांव, मग तिकडे रात्र ना आत्ता? तर म्हणाले, झोप खंय येता, बाईंनू.

तेवढ्यात त्या राज्याच्या विधिमंडळात एक विधेयक आलं. नव्या कागदाचा अर्ज भरलेला असेल तर निकाल लागेपर्यंत जुनं लायसन चालू ठेवावं, एवढंच त्यात होतं. समितीपुढे ज्याला बोलायचं त्याला दोन मिनिटं मिळतात. फिलूने नाव दिलं, पण पंधरा दिवस आधी तिला धडकी भरली. उगाच नजरेत आले आणि कागदच नाकारला तर? बाप म्हणाला, "मी बोलतंय. माका काय करतले, घराक पाठवतले? तसो तर मी जातलंयच." भाषण लिहायचं काम माझ्यावर आलं. मी रात्रभर नाही, पण दोन रविवार खपून लिहिलं: 'सन्माननीय सभासदहो, स्थलांतरित परिचारिका हा आरोग्यव्यवस्थेचा कणा आहे' वगैरे. फोनवर वाचून दाखवलं. "बरा लिव्हलास, बाईंनू. पण ह्या म्हणताना माजे दात पडतले."

त्या दिवशीचं चित्रण फिलूने मला पाठवलं. मी ते किती वेळा पाहिलं सांगत नाही. मोठं लाकडी दालन, उंचावर कोटातली माणसं, आणि खाली ध्वनिक्षेपकासमोर आमचे पात्रांव, जावयाचा कोट घातलेले, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. शेजारी फिलू, भाषांतराला. त्यांनी माझा कागद उघडला, बघितला, नीट घडी घालून खिशात ठेवला.

"मी डायवर," ते म्हणाले. "चाळीस वर्सां गाडी चलयलंय. ह्या माजा चेडू, माजी फिलू. धा वर्सां तुमच्याकडे रवता. तुमचे रस्ते तेका पाठ, तुमची भास येता, तुमच्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांका न्हाणयता, औषद देता. तेका गाडी चलवची परवानगी नाय." फिलू भाषांतर करत होती. "आणि मी? मी काल इलंय, फुडल्या म्हयन्यात जातलंय. माका रस्ते ठावक नाय, पाट्यो वाचूक येणत नाय, बरफ मी जन्मात बघूक नव्हतंय. माका परवानगी आसा! आता तुमीच सांगा, रस्त्यार तुमका भीती कोणाची वाटाक होयी?"

वरची माणसं हसली. एक जाडे गृहस्थ तर टेबलावर हात आपटून हसले. पात्रांव हसले नाहीत. हसू ओसरेपर्यंत त्यांनी वाट पाहिली, जशी ते गुरं रस्ता ओलांडेपर्यंत पाहायचे. मग म्हणाले, "तारीख कागदाची संपली. तेच्या हातांची नाय संपली." फिलूचं भाषांतर तिथे अडलं. तिने दोनदा सुरुवात केली. शेवटी समितीच्या अध्यक्षबाईच म्हणाल्या की आम्हाला कळलं. तेवढ्यात घंटा वाजली, आणि पात्रांव लगेच, वाक्य अर्धं असतं तरी झाले असते तसेच, बाजूला झाले. दोन मिनिटं म्हणजे दोनच.

विधेयक समितीतून पुढे गेलं, पण सभागृहात लटकलं. पात्रांवांच्या परतीला नऊ दिवस उरले होते, फिलूचा कागद आलेला नव्हता आणि तिच्या इस्पितळातल्या मंडळींपुढे प्रश्न होता, की हा म्हातारा गेल्यावर काय. पात्रांवांनी मला फोन करून विचारलं की आणखी राहण्याचा अर्ज करावा का, आणि मीच म्हणाले, करा. पण करावा लागला नाही. चार दिवसांनी फिलूच्या कागदाचं पाकीट टपालाने आलं. फिलूने दुसऱ्याच दिवशी जाऊन लायसन घेतलं आणि बापाला विमानतळावर तिने स्वतः गाडी चालवत सोडलं. मागच्या सीटवर त्या दोघी बहिणी आणि तो उंच नर्स, निरोपाला. म्हणजे मोजून पाच.

पुढच्या पावसाळ्यात फिलूचा निरोप आला, कायदा झाला म्हणून. मी धावत त्यांच्या घरी गेले. पात्रांव अंगणात मासे धरायच्या जाळ्याचा तुटलेला कोपरा विणत बसले होते. हल्ली रिक्षा चालवत नाहीत, गुडघे दुखतात. मी म्हटलं, पात्रांव, अभिनंदन, तुम्ही अमेरिकेचा कायदा बदललात! ते हसले. मग सुई जाळ्यात तशीच ठेवून म्हणाले, "खरा सांगू, बाईंनू? तो कागद अडकलो तेवा माका मनात वायच बरा वाटला होता. म्हटलंय, कागद नाय मिळालो तर येतला चेडू घराक." सुई पुन्हा हातात घेत म्हणाले, "आणि तेच्यासाठी भाषण करूक मीच गेलंय." त्यात तक्रार नव्हती.

चहा घेताना त्यांनी मला विचारलं की आता निवृत्त झालात, दारात भाच्याने दिलेली गाडी गंजतेय, शिकत का नाही. एकोणसाठाव्या वर्षी मी शिकाऊ परवाना काढला. रोज सकाळी ते शेजारी बसतात आणि आम्ही चौक्यापर्यंत जाऊन येतो. सुरुवातीला सारखे सूचना द्यायचे: क्लच, आरसा, सावकास, कोंबडी. परवा मात्र जाऊन परत येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, सबंध वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मला भीती वाटली. दारात गाडी लावून मी विचारलं, "पात्रांव, काही चुकलं का माझं?"

"नाय," ते म्हणाले. उतरले, दार हळूच लावलं आणि काचेतून वाकून म्हणाले, "तुमी आमच्या फिलूसारखीच चलयतात."