त्याला आरं, मला आवं

आमी नवरा-बायकोनं संगं केलेलं शेवटचं काम म्हणजे भुईमुगाच्या शेंगा फोडणं. बियाणाच्या शेंगा होत्या. दिवस बुडायच्या आधी वसरीत बसलो होतो. खरं सांगायचं तर फोडत मी एकटाच होतो. तिच्या मांडीवर नवा अंक होता. उडणाऱ्या गड्याचं चित्राचं पुस्तक. बोरीच्या बाजारातून मीच आणून दिलेलं.

गावात प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला तवा ती गेली, मी गेलो न्हाई. मी दुसरी शिकलेला, मला वाटलं तेवढं बास झालं. तिला वाचता यायला लागलं आन ती पोथी सोडून ह्याच्या नादी लागली. अंगाला चिकटलेले कपडे, तोंडावर फडकं, पाठीवर तांबडी चादर. शेत न्हाई, बैल न्हाई, सासुरवाड न्हाई. ह्याला काय गडी म्हणायचं?

बाजाराला निघालो की ती पिशवी हातात देऊन सांगायची, "मीठ, काड्याची पेटी, आन तो."

तो म्हणजे कोण, हे इचारायची गरज नव्हती. इद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसट्या बंद पडल्या तवा अंक यायचा ऱ्हायला. मला लय बरं वाटलं. ती म्हणली, "उडतो म्हणतेत, मग ह्याला एसटी कशाला लागती?" आन पुढच्या बाजारी पुन्हा पिशवी हातात. माझा एक मैतर फाट्यावर हसायचा. "बाईला सवत असती, गड्या. तू तर आपली सवत सोताच पिशवीत घालून घरी न्यायलास!"

पण माझं दुखणं वेगळंच होतं. आमच्याकडं बायको नवऱ्याला आवं म्हणती, तुमी म्हणती. एकेरी असतो देव, नाहीतर लेकरू. आन आमच्या घरात हा. भिंतीमागं दुश्मन दडलेला दिसला की ती पुस्तकावर वरडायची, "आरं मुडद्या, मागं बघ की!" जीव तुटायचा तिचा त्या आरंमध्ये. मला मायेनं मुडद्या म्हणणारी माझी आई होती. ती गेली, तवापासून मी नुसता आवं.

त्या सांजंला मी इचारलं, "कसाय ह्या बारीचा?"

"बिघडवला वो त्याला," ती म्हणली. "मागच्या दोन-तीन अंकापासून बिघडवायलेत. आधी हातानं मारायचा. आता कंबरंला कसलं तरी यंत्र बांधलंय, खुटी दाबली की दुश्मन पडला. त्यात काय जोर? आन चित्र काढणारा बदललाय जणू. हनुवटी बघा, गाढवावानी. तांबडा रंग तर चादरीच्या भाईर सांडलाय."

माझ्या काळजाला लय गार वाटलं. "मी आधीच म्हणलो होतो, त्याच्यात दम न्हाई."

तशी ती फिरली. "तुमी नका बोलू त्याला. मी बोलीन. हाक मारायच्या आधी येतो तरी. तुमी गोठ्यात असलाव की चार हाका माराव्या लागतेत, तवा कुठं आलो आलो."

मी हातातली शेंग खाली ठेवली. किती वर्सं पोटात होतं ते भाईर आलं. "एकदा मला म्हण की."

"काय म्हणू?"

"आरं म्हण. त्याला म्हणतीस तसं."

तिनं तोंडात पदर घातला. खांदे हलायला लागले, एवढी हसली. "येड लागलं का वो? जीभ झडंल माझी."

"आन त्याला म्हणताना झडत न्हाई ती?"

"तो कागदाचा हाय. फाटला तर दुसरा येतो."

एवढ्यावर माझं समाधान व्हायला पायजे होतं. झालं न्हाई. मी तोंड पाडून बसलो. ती टरफलं सुपात भरत उठली आन जाता जाता म्हणली, "बघू उद्या. कुणी नसलं घरात तर."

सकाळी ती उठलीच न्हाई. झोपेतच गेली.

बाया जमल्या. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. तेवढ्यात थोरली सून रडत आतून तो अंक घेऊन आली. "मामा, आत्याबाईच्या जिवाचं होतं. संगं जाऊ द्या." आमच्याकडं असं ठेवतेत, माझ्या बापासंगं त्याची तंबाकूची चंची गेली. तिनं तो ओटीत नारळाशेजारी खोवला.

मी उठलो आन उपसून काढला.

"मामा!"

"दुसरं काय बी ठेव. ह्याला संगं जाऊ देणार न्हाई."

शेजारची म्हातारी म्हणली, "आवं, मेलेल्या माणसाचा हेवा करतेत व्हय?"

"तिचा न्हाई, ह्याचा," मी म्हणलो. "तिकडं हा हाताशी असला तर ती माझी वाट कशाला बघंल?"

मी तिच्या उशाशी गेलो आन तो अंक मांडीखाली दाबून, तिला उचलेपस्तोर तिथंच बसून ऱ्हायलो.