मलमपट्टीची एक खोली

माझे मामा, चंद्रशेखर दाणी, जबलपूरच्या सिविल लाइंसमधल्या एका सरकारी कार्यालयात वास्तुकार होते. बंगले, शाळा, सगळ्यांचे नकाशे काढत. मामांना दवाखाने काढायला आवडायचं. नकाशाला हात लावण्याआधी ते आठ-आठ दिवस एखाद्या वॉर्डात स्टुलावर बसून राहायचे. कोण कुठल्या दारानं येतं, घाण बादली कुठून जाते, नर्सला पाण्यासाठी किती चालावं लागतं, सगळं वहीत लिहून घ्यायचे.

चौसष्ट साली दारूगोळ्याच्या एका कारखान्याच्या दवाखान्याचं काम त्यांच्याकडे आलं. चीनच्या लढाईनंतर कारखाने वाढत होते. मामांनी भाजलेल्यांचा वॉर्ड वेगळा काढला आणि त्याला मलमपट्टीची स्वतःची खोली दिली. मोठ्या साहेबांनी त्या खोलीवर काट मारली. तिथं सामानाचं गोदाम हवं होतं; सगळ्या रोग्यांना मलमपट्टीची एकच खोली पुरे, असं त्यांचं म्हणणं. मामा दोन दिवस भांडले. तिसऱ्या दिवशी त्यांनी बदललेल्या नकाशावर सही केली. "कोणी धमकावलं नव्हतं गं," त्यांनी मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. "मी कंटाळलो होतो, बस."

पासष्टच्या सप्टेंबरात युद्ध सुरू झालं आणि कारखाना तिन्ही पाळ्यांत चालू लागला. एका दुपारी दारूगोळ्याच्या शेडमध्ये आग लागली. नऊ कामगार भाजले. त्यांत मामीचा, म्हणजे पद्मजामामीचा, धाकटा भाऊ मोहन होता.

तिसऱ्या दिवशी मोहनमामानं चहा मागितला. मामी आनंदानं रडली. डॉक्टरही म्हणाले, वाचेल. पण सहाव्या दिवशी जखमांना वास यायला लागला आणि ताप चढला. शेजारच्या खाटांवर तेच होत होतं.

विनता सिस्टर त्या वॉर्डात होत्या, मूळच्या नागपूरच्या. मामांनी त्यांना विचारलं, "सिस्टर, हे असं काहून होऊन राहिलं?"

त्यांनी मामांना मलमपट्टीच्या खोलीच्या दारात नेलं. आत एक म्हातारा पायाचं पू भरलेलं गळू साफ करून घेत होता.

"याच टेबलावर आता मोहनभैयाला आणायचं आहे," त्या म्हणाल्या. "मी किती धुणार? कोण्या गाढवानं ही एकच खोली काढली, भगवान जाने."

"मी काढली," मामा म्हणाले.

सिस्टर टेबल पुसायला आत गेल्या.

अकराव्या दिवशी मोहनमामा गेला. नऊ जणांतले सात गेले.

तेरावा झाल्यावर मामांनी मामीला सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "तुम्ही सही काहून केली?" मामीनं संसार केला, दोन मुलं वाढवली, पण मामांसमोर भावाचं नाव पुन्हा कधी काढलं नाही.

आगीची चौकशी बसली तेव्हा मामा न बोलावता दोन्ही नकाशे घेऊन गेले. चौकशी अधिकारी सभ्यपणे म्हणाले, "दाणीजी, आग शेड में लगी थी, आपके नक्शे में नहीं. घर जाइए." मामांनी लेखी जबाब दिला. तो अहवालात आला नाही. महिन्याभरात त्यांची बदली सिहोऱ्याला झाली, तिथल्या सरकारी इमारतींच्या दुरुस्तीवर.

एकाहत्तरमध्ये पुन्हा लढाईची तयारी सुरू झाली. दवाखान्यांची कामं तुंबली आणि मामांना जबलपूरला परत बोलावलं. त्यांनी नवा वॉर्ड काढला, मलमपट्टीच्या दोन खोल्यांचा. पुन्हा एक खोली कापली गेली. या वेळी मामांनी सही केली नाही. साहेबांनी कागद पलीकडच्या टेबलावर सरकवला आणि मामांपेक्षा आठ वर्षांनी लहान असलेल्या माणसानं तो तिथल्या तिथं सही करून परत दिला. वॉर्ड वेळेत उभा राहिला. त्या माणसाला बढती मिळाली; मामा निवृत्तीपर्यंत त्याच्या हाताखाली राहिले.

"मग सही न करून काय झालं, मामा?" मी विचारलं होतं.

"काही नाही," ते म्हणाले. "खोली एकच झाली."