कोपराचा बाक

धाकटे, तुला पत्र लिहायची ही वेळ नव्हे, कळतं मला. तू जाऊन हिवाळा उलटला. पण घरात तुझ्याबद्दल जे बोललं जातं त्यानं माझं डोकं फिरतं. म्हणे, नवऱ्याच्या कोटापायी झुरून गेली. तू न्यूमोनियानं गेलीस. कोटाच्या बाबतीत तुझी चूक झाली ती एकदाच, आणि तीही हातात कला होती म्हणून.

आपण दोघी जावा. सासूबाई मला ‘बाईसाहेब’ म्हणायच्या आणि तुला ‘मशीन’. मग ओट्यापाशी आपण त्यांची नक्कल करायचो.

लग्न झाल्या झाल्या तू भाऊजींना तो कोट शिवलास. जाड निळं कापड, दुहेरी टीप, तीन मोठे खिसे, कॉलर हातानं बसवलेली. लोखंडाच्या भट्टीवर कामाला जाताना त्यांनी वर्षानुवर्षं तोच घातला. खांदे पांढुरके पडले आणि उजव्या बाहीला कोपरापाशी कायमचा बाक आला. भट्टीचं झाकण कोसळलं त्या दिवशी उकाडा होता, म्हणून कोट घरीच होता. माणूस आला नाही. बाही मात्र खुंटीवर तशीच वाकलेली, आत कुणाचा तरी हात असल्यासारखी. तू तिच्याखाली बसून जेवायचीस. मला बघवत नाही, असं मी तोंडावर सांगितलं, तर म्हणालीस, “ताई, तुम्ही पाठ करून बसा.”

पुढे तू कोटांच्या कारखान्यात लागलीस. जन्मात हातोडी न उचललेल्या पोरांसाठी तिथे जुन्या पद्धतीचे कामगारी कोट करायचे. निळीच्या हौदात कापड पुन्हा पुन्हा बुडवायचं, काजं हातानं भरायची. काम चोख होतं, उगाच नावं ठेवणार नाही. एकदा थंडीत तू भाऊजींचा कोट घालून गेलीस आणि मालकीणबाईंची नजर त्यावर गेली. नमुना म्हणून द्या, फर्मा उतरवून परत करू, म्हणाल्या. म्हणजे कोट उसवायचा. मी म्हटलं, देऊ नकोस. उलट तूच माझी समजूत घातलीस, उसवलेलं पुन्हा शिवता येतं, त्यात काय मोठंसं. दुसऱ्या कुणाची कात्री लागू नये म्हणून स्वतःच ब्लेड घेऊन बसलीस, आणि कापडाला ओरखडा न येऊ देता सगळा कोट सुटा केलास.

तुकडे कटिंग मास्तरांकडे गेले. कागदावर आखायचं तर तुकडा सपाट हवा. त्यांनी पाणी मारून कडक इस्त्री फिरवली. बिचारा भला माणूस, रोज हेच करतो. बाक गेला.

गिऱ्हाइकांना मात्र कोट वापरलेला दिसायला हवा, म्हणून बाक हवा होता. म्हणून नव्या कोटांच्या ओल्या बाह्या खळ लावून कोपरात वाकवलेल्या लाकडी हातावर वाळवायचं काम निघालं, आणि ते तुझ्याकडेच आलं. मान खाली घालून केलंस.

तुकडे पिशवीतून परत आले तेव्हा मी मागेच लागले, बस मशीनवर, शीव आत्ताच्या आत्ता. तू बाही मांडीवर पसरलीस आणि तळव्यानं चाचपत राहिलीस.

“शिवते हो ताई. पण सरळ हाताचा तो कोण, मला ठाऊक नाही.”

मला ऐकवेना. मी वैतागून म्हटलं, मी घालते तो कोट आणि घासते भांडी, येईल बाक. त्यावर तू हसलीस, पण म्हणालीस, “तो तुमचा येईल.”

तरी शिवायचं ठरलंच. मशीनचा दोरा त्या विरलेल्या कापडाला कापेल, मेण लावलेला जाड सुती दोरा हवा, तो ताडपत्री शिवणाऱ्याकडे मिळतो, असं तू सांगितलंस. सोमवारी दोघींनी जायचं होतं. सोमवारी कारखान्यात घाईचं काम निघालं. पुढच्या आठवड्यात तुला ताप भरला, आणि तो छातीत उतरला.

पिशवी माझ्या कपाटात आहे. ताडपत्रीवाला बस थांब्यासमोरच बसतो. दोरा आणायचा राहिला.