आईला गाडी लागते

माझी आई शर्मिला आमच्या दिघ्याच्या अख्ख्या गल्लीत एका गोष्टीसाठी फेमस आहे, तिला गाडी लागते. लागते म्हणजे किती, तर दार बंद झालं, सीटचा तो बंद वास आला की ऐरोलीचा सिग्नल यायच्या आत तिचा चेहरा पांढरा. रिक्षा चालते, ट्रेन चालते, पण कार नाय. तिच्या पर्समध्ये पैशांआधी लिंबू, आवळासुपारी आणि काळ्या पिशव्या असतात.

आणि बाईचं माहेर कुठे असावं? मंडणगडच्या घाटात! नुसती वळणं. त्यामुळे वर्षातून एकदा जायचं आणि पोचल्यावर काय, तर आजोबा ओट्याखाली पाण्याची बादली आणि चिरलेलं लिंबू घेऊन तयार. जयभीमच्या आधी बादली. आई उतरायची ती थेट वाकूनच. शेजारच्या बायजाआजी कुंपणावरून दर वेळी विचारणार, "शर्मे, गोड बातमी काय गो?" मी दहावीत होते तेव्हापण विचारलं! मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

सगळे हसायचे, मीपण. पण एकदा भांडी घासता घासता आई म्हणाली, "लग्न झाल्यापासून माझ्या बापानं मला येताना धड बघितलंच नाय गं. बघतो ती माझी पाठ. एकदा तरी हसत उतरायचंय मला." एवढंच. आणि परत भांडी घासायला लागली.

मग गेल्या पावसाळ्यात ती कुणाला न सांगता ड्रायव्हिंग क्लासला गेली. लॅबमध्ये रक्ताचे सॅम्पल घेण्याच्या ड्युटीआधी, सकाळी. पहिल्या दिवशी दुसरी बाई गाडी शिकत होती, आई मागे बसलेली, आणि अर्थात क्लासच्या गाडीतच उलटी. सर म्हणाले, "मॅडम, उद्यापासून येऊ नका." आई म्हणाली, "माझा नंबर तर होऊ द्या." तोंड धुऊन पुढे बसली, स्टेअरिंग धरलं, आणि काही नाय! पोटात शांत! घरी आली ती नाचतच. "अगं, चालवणाऱ्याला लागत नाय! मला कुणी सांगितलंच नव्हतं!"

पप्पा म्हणाले, "आधी गाडीत बसायला शीक." पप्पा तळोज्याच्या एका कंपनीत स्टोअरकीपर आहेत आणि आमची जुनी वॅगनआर म्हणजे त्यांचा जीव. आरसापण कुणाला हलवू देत नाहीत. पण आईनं लायसन काढलं, रोज मागे लागली, शेवटी पप्पा जानेवारीत तयार झाले. हायवेनं नाय, ट्रेलर असतात. समुद्राच्या बाजूनं, हळूहळू. आणि एक अट, "बागमांडल्याच्या जेटीपर्यंत तू. पलीकडे घाट आहे, तिथं मी."

"चालेल," आई म्हणाली. "शब्द."

म्हणजे बघा ना, शेवटच्या घाटात ती परत बाजूच्या सीटवर. म्हणजे परत वाकूनच उतरणार. मला इतका राग आलेला!

निघालो तेव्हा मस्त थंडी. पेणपर्यंत धुकं, आईनं स्वेटरवर ओढणी आवळलेली, पाठ ताठ. आणि शेजारून पप्पा, "गिअर! अगं गिअर! बैल आहे तो, हॉर्न दे! बैलाला काय बघतेस, रस्त्याला बघ!" रेवदंड्याला आईनं गाडी शांतपणे बाजूला घेतली. "अहो, तुमी मागं बसा. माझ्या बाजूला तेजस बसेल." माझा भाऊ तेजस टुणकन पुढे. पप्पा आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत मागे बसले, माझ्या शेजारी.

आगरदांड्याच्या जेटीवर गाडी बोटीत चढवली आईनं, एका दमात. पण बोट सुटली तरी स्टेअरिंग सोडेना. बोटीवरचा माणूस काचेतून म्हणतो, "मावशी, हात सोडा आता. बोट आमी चालवतो!"

दिघीच्या पुढे रस्ता नुसता वर-खाली, वळणावर वळण, मधेच समुद्र असा अंगावर येतो की ओरडावंसं वाटतं. मी ओरडलेच. पप्पा मात्र गप्प. मला वाटलं रुसलेत. मग एकदम म्हणाले, "थांबव." आणि उतरून धावले सुरूच्या झाडांमागे.

"वडापाव बाधला," परत येऊन म्हणाले.

थोड्या वेळाने परत. मग श्रीवर्धनच्या पुढे परत. आई आरशातून बघत होती. तिला कुणी सांगायला पाहिजे का!

"अहो, तुमाला गाडी लागतेय."

"मला? वेडी आहेस का. इतकी वर्षं चालवतोय."

"चालवताय ना. बसलात कधी?"

तेजस फिसकन हसला. पप्पांनी तोंडावर रुमाल दाबला.

बागमांडला आलं. बोट पलीकडून यायची होती. आईनं इंजिन बंद केलं, चावी काढून मागे धरली. "घ्या. पुढं बसलात की बरं वाटेल तुमाला." पर्समधून लिंबू काढलं, ओढणी नाकाला बांधली. भांडली नाय, काही नाय. मला रडू यायला लागलं, खरंच.

पप्पांनी चावी घेतली. खाडीपलीकडच्या डोंगराकडे बघितलं, मग आईकडे.

"तुला दर वेळी असंच होतं?"

"याच्याहून जास्त."

पप्पांनी चावी तिच्या हातात परत ठेवली आणि तिच्या हातातलं लिंबू स्वतः घेतलं. "तूच चालव. तुझं माहेर आहे."

आणि मग तो घाट! आई प्रत्येक वळणाआधी सांगत होती. "आता डावीकडं वळतेय हां. लांबच्या झाडाकडं बघा. आता उजवीकडं." इतक्या वर्षांत तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं, आमी कुणीच. ती मात्र सांगत होती. पप्पा मागून लहान मुलासारखे "हो, हो."

अंगणात गाडी थांबली. आजोबा बादली घेऊन सवयीनं बाजूच्या दाराशी गेले. तिथून तेजस उतरला.

"आबा, जयभीम! इकडं बघा, इकडं!"

आईच हाक मारत होती, ड्रायव्हरच्या दारातून उतरून. ताठ. केस विस्कटलेले, दात सगळे बाहेर. आजोबा बघतच राहिले, बादली तिरकी होऊन पाणी त्यांच्याच पायावर. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि पप्पांनी ती बादली अक्षरशः हिसकावली.

कुंपणावरून आवाज आलाच. "जावयबापू, गोड बातमी काय हो?"

आई अंगणात उभ्या उभ्या पोट धरून हसत होती. पप्पांकडे आजोबांनी ढुंकूनही बघितलं नाही. ते आईचं तोंड बघत होते.