नेपल्सचा चंद्रोदय
परवा जुन्या मराठी कॅलेंडरवर पेन्सिलीतलं ‘नेपल्स ९.४०’ दिसलं आणि इंग्लंडमधल्या रीडिंगच्या आमच्या किचनमधली ती दुपार आठवली. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या आणि मी तिघांची इटलीची वीकेंड ट्रिप आखत होते; पहिल्याच संध्याकाळी सातला पिझ्झाचं टेबल बुक केलं होतं. कॅलेंडर बघून त्या हळूच म्हणाल्या, “अगं, त्या दिवशी संकष्टी आहे. तुम्ही दोघं खा, मी नुसती बसेन.” मी फोनवर नेपल्सचा चंद्रोदय शोधला आणि टेबल दहाचं करून घेतलं, तेही बाहेरचं, आभाळ दिसेल असं. “पिझ्झ्यावर संकष्टी सोडायची?” म्हणत त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि त्यांनी चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवली. ऐन वेळी त्यांचे गुडघे धरले, जाणं राहिलंच. आता त्या नाहीत. मी उपास करत नाही. तरी दर संकष्टीला नेपल्समध्ये चंद्र किती वाजता उगवतो, ते बघते.