जिंकल्याचा इंग्रजी अर्ज

सोलापूरच्या कोर्टासमोर लिंबाखाली एक अर्ज लिहिणारा बसायचा. टाक शाईत बुडवला की आधी नखावर टेकवून बघायचा. दुकानाच्या जागेचा दावा मी जिंकलो होतो, तरी दाराला कुलूप प्रतिवादीचंच होतं. ताबा मिळवायला पुन्हा दरखास्त द्यायची होती. माझं डोकं भणाणलं होतं.

"जिंकलो असं लिवा. इंग्रजीतला सगळ्यात जड शब्द घाला," मी दरडावलं.

"शेठ, व्हिक्टरी सैन्याची असते. ट्रायम्फ म्हणजे रोमच्या सेनापतीची मिरवणूक. तुमची निघाली का?"

"थट्टा करता व्हय?"

"मग साधा 'विन' घ्या. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ राबणं, झगडणं. फत्ते होणं त्याला मागाहून चिकटलं."

"मागाहून म्हंजे कवा?"

"काही शतकं गेली. आपलं कोर्ट त्या मानानं लवकर उरकेल."

मी त्याला भर रस्त्यात वाटेल ते बोललो. तो खाली मान घालून दरखास्त लिहीत राहिला.

वकील, कारकून, शिपाई, सगळ्यांनी 'जिंकलात' म्हणत माझे पेढे खाल्ले होते. "कुलूप निघू द्या, मग खाईन," म्हणणारा तो एकटा निघाला, आणि शिव्या मी त्यालाच दिल्या.